नव्या संश्लेषित संयुगांची जीवाणुरोधक व कवकरोधक परीक्षा

सेंद्रिय रसायनशास्त्रातील पदव्युत्तर प्रबंधाचे अखेरचे प्रकरण बहुधा ठरलेले असते. आधीच्या प्रकरणांत नवी संयुगे कशी सिद्ध केली, त्यांची शुद्धता कशी पारखली आणि वर्णपटांवरून त्यांची रचना कशी निश्चित केली, याचे वर्णन येते. मग त्या संयुगांची थोडी थोडी पूड लहान कुप्यांत भरून सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे जाते व काही दिवसांनी तेथून एक कोष्टक येते. कोष्टकात चार जीवाणूंची व दोन बुरश्यांची नावे, प्रत्येक संयुगापुढे मिलिमीटरांत काही आकडे, आणि शेवटच्या ओळीत एखाद्या परिचित औषधाचा आकडा असतो. त्यावरून प्रबंधात असे लिहिले जाते की, अमुक संयुगाची क्रियाशीलता उत्तम, तमुकाची मध्यम व उरलेल्यांची क्षीण आहे.

ज्या संयुगाच्या सिद्धतेसाठी विद्यार्थ्याने दोन-तीन वर्षे वेचली, त्याचा निकाल असा एका विशेषणात लागतो. संयुगाचा वितळणबिंदू दोन अंशांनी चुकला तर जो परीक्षक तो पुन्हा घ्यावयास लावतो, तोच परीक्षक हे कोष्टक पाहून सहसा काही विचारीत नाही. वस्तुतः त्या आकड्यांत किती व कोणते ज्ञान साठविलेले आहे, हा प्रश्न वितळणबिंदूच्या प्रश्नाहून अधिक अवघड आहे. प्रस्तुत लेखात या परीक्षांचे स्वरूप, त्यांतील आकड्यांचा अर्थ व त्यांच्या मर्यादा यांचा विचार करावयाचा आहे. तो करण्यापूर्वी या विषयाच्या इतिहासातील एक घटना ध्यानात घेणे इष्ट होईल.

एकाच संशोधकाची दोन संयुगे

संश्लेषित संयुगे ओळीने तपासून त्यांतून औषध शोधण्याची पद्धत पाउल एर्लिख यांनी रूढ केली. त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी १९०९ साली आर्सेनिकयुक्त संयुगांपैकी ६०६ क्रमांकाचे संयुग उपदंशावर गुणकारी असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविले. पुढील वर्षी ते साल्व्हर्सान या नावाने प्रचारात आले. याच परंपरेत जर्मनीत एल्बरफेल्ड येथील बायरच्या प्रयोगशाळेत गेऱ्हार्ट डोमाक हे काम करीत होते. योझेफ क्लारर व फ्रिट्झ मीट्श या रसायनज्ञांनी तेथे सिद्ध केलेला एक तांबडा ॲझो रंग १९३२ च्या डिसेंबरात डोमाक यांनी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंची बाधा केलेल्या उंदरांना दिला. औषध न दिलेले उंदीर मेले. औषध दिलेले जगले. हाच प्रॉन्टोसिल होय. त्याचे निवेदन १९३५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाले व १९३९ चे नोबेल पारितोषिक डोमाक यांस जाहीर झाले.

परंतु प्रॉन्टोसिलाची हकीकत येथे सांगण्याचे कारण निराळे आहे. उंदराच्या देहात इतका प्रभावी ठरलेला हा रंग काचपात्रात वाढविलेल्या जंतूंवर काहीच परिणाम करीत नव्हता. याचा उलगडा त्याच वर्षी पॅरिसच्या पास्तर संस्थेत झाला. एर्नेस्ट फूर्नो यांच्या प्रयोगशाळेत झाक व तेरेझ त्रेफुएल हे दांपत्य, फेदेरिको नित्ती व दानिएल बोव्हे यांनी असे दाखविले की, शरीरात प्रॉन्टोसिलाच्या रेणूचे विघटन होते व त्यातून निघणारे सल्फानिलामाइड हे खरे क्रियाशील द्रव्य होय. हे सल्फानिलामाइड नवे नव्हते. व्हिएन्नातील पाउल गेल्मो यांनी ते १९०८ सालीच तयार केले होते. म्हणजे सत्तावीस वर्षे ते रसायनज्ञांस ठाऊक होते. केवळ त्याचा हा गुण कोणास ठाऊक नव्हता.

आता दुसरी बाजू पाहू. त्याच १९३५ साली डोमाक यांनी चतुर्थक अमोनियम लवणांच्या जंतुनाशक गुणाविषयीही लिहिले. ही लवणे काचपात्रातील जंतूंना अत्यल्प संहतीत मारतात. तथापि ती पेशीच्या पटलावरच आघात करीत असल्यामुळे मनुष्याच्या पेशींनाही सोडीत नाहीत. म्हणून त्यांचा उपयोग त्वचा व उपकरणे यांच्या निर्जंतुकीकरणापुरताच राहिला. पोटात घेण्याचे औषध म्हणून ती कधीच उपयोगी पडली नाहीत. केवळ काचपात्रातील आकड्यांवर विसंबले असते, तर डोमाक यांनी चतुर्थक लवणांना पहिला क्रमांक दिला असता व प्रॉन्टोसिल फेकून दिले असते.

या घटनेवरून काचपात्रातील परीक्षा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ती स्वस्त आहे, शीघ्र आहे, तिला प्राण्यांचा बळी लागत नाही, आणि शेकडो संयुगांतून मोजकी निवडण्यास तिच्यावाचून गत्यंतर नाही. परंतु ती एका विशिष्ट परिस्थितीत विचारलेल्या एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर देते. ती परिस्थिती कोणती, हे सांगितल्यावाचून उत्तरास अर्थ राहत नाही.

सल्फानिलामाइडाचेच उदाहरण पुढे चालवू. हे संयुग शुद्ध स्वरूपात घेतले तरी पेप्टोन किंवा यीस्टचा अर्क असलेल्या माध्यमात त्याचा प्रभाव क्षीण दिसे. १९४० साली डी. डी. वुड्स यांनी दाखविले की, यीस्टमधील एक द्रव्य या औषधाचा प्रभाव नाहीसा करते व ते द्रव्य म्हणजे पॅरा-ॲमिनोबेंझॉइक अम्ल असावे. जीवाणूंना फॉलिक अम्ल तयार करण्यास ते लागते. सल्फानिलामाइडाची रचना त्याच्याशी मिळतीजुळती असल्यामुळे ते त्याची जागा अडविते. माध्यमात मूळ अम्ल विपुल असले की, ही अडवणूक निष्फळ होते. म्हणजे औषध तेच व जीवाणूही तोच असता, पोषक माध्यम बदलताच निकाल बदलतो. म्यूलर व हिंटन यांनी १९४१ साली वर्णिलेले माध्यम मुळात निसेरिया वर्गातील जंतूंच्या संवर्धनासाठी होते. पुढे जीवाणुरोधक परीक्षांसाठी ते सर्वत्र रूढ झाले, त्याचे एक कारण त्यात अशी विरोधी द्रव्ये अल्प असतात हे होय.

सल्फा वर्गातील संयुगांचा आपल्याकडील प्रयोगशाळांशीही निकटचा संबंध आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखे व बी. बी. दीक्षित यांनी सल्फाथायाझोलाची ग्रंथिक प्लेगावरील परीक्षा केली व १९४० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

विसरण-पद्धती व मिलिमीटरांचा अर्थ

आपल्या विद्यापीठांतून सर्वाधिक वापरली जाते ती विसरण-पद्धती. आगरयुक्त माध्यमाच्या तबकडीवर जीवाणूंचे निलंबन समप्रमाणात पसरतात. त्यावर संयुगाच्या विद्रावात भिजवून सुकविलेली ६ मि.मी. व्यासाची कागदी चकती ठेवतात, किंवा आगरात छिद्र पाडून त्यात विद्राव भरतात. रात्रभर उबवणी केल्यावर चकतीभोवती जीवाणू न वाढलेले वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मोजतात. या व्यासात चकतीचा व्यास धरलेला असतो. म्हणून कोष्टकातील ६ मि.मी. या आकड्याचा अर्थ शून्य असाच करावयास हवा.

हे वर्तुळ कसे बनते, हे पाहिले म्हणजे त्याच्या अर्थाची मर्यादा आपोआप कळते. तबकडीवर एकाच वेळी दोन क्रिया चालू असतात. चकतीतील संयुग आगरातून बाहेर विसरत असते आणि जीवाणूंची संख्या वाढत असते. काही तासांनी जीवाणूंची गर्दी इतकी होते की, त्यानंतर पोहोचलेले संयुग त्यांना थोपवू शकत नाही. त्या निर्णायक क्षणी संयुगाची पुरेशी संहती जेथपर्यंत पोहोचली असेल, तेथे वर्तुळाची कड निश्चित होते. गणिताच्या भाषेत सांगावयाचे तर, चकतीपासून कडेपर्यंतच्या अंतराचा वर्ग हा विसरण-गुणांक, तो निर्णायक काळ, आणि चकतीतील मात्रा व रोधक संहती यांच्या गुणोत्तराचा लघुगणक, या तिहींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, संयुगाची रोधक शक्ती या सूत्रात केवळ लघुगणकाच्या आड लपून येते, तर त्याची विसरणक्षमता सरळ येते. समजा, दोन संयुगांची रोधक शक्ती अगदी समान आहे, परंतु एकाचा विसरण-गुणांक दुसऱ्याच्या एकचतुर्थांश आहे; तर अन्य सर्व गोष्टी सारख्या असूनही त्याचे अवरोधनाचे अंतर निम्मेच भरेल. नव्या सुगंधी संयुगांपैकी कित्येक पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असतात. ती चकतीतच अवक्षेपित होऊन बसतात व त्यांच्या नावापुढे ‘निष्क्रिय’ असा शेरा पडतो. कॉलिस्टिनासारखे प्रस्थापित प्रतिजैविकही मोठ्या रेणूमुळे आगरातून नीट विसरत नाही व त्यासाठी चकती-पद्धती विश्वसनीय मानली जात नाही. मग अपरिचित संयुगाची काय कथा?

दुसरी गोष्ट अशी की, चकतीतील मात्रा दुप्पट केल्याने व्यास दुप्पट होत नाही. तो किंचितच वाढतो. यामुळे तुलनेत एक मोठा भ्रम उत्पन्न होतो. सिप्रोफ्लॉक्सासिनाच्या प्रमाणित चकतीत ५ मायक्रोग्रॅम औषध असते. तिच्याशेजारी नव्या संयुगाची ५०० मायक्रोग्रॅमची चकती ठेवून दोहोंचे व्यास १८ व ३० मि.मी. आले, तर नवे संयुग प्रस्थापित औषधाच्या ‘साठ टक्के’ प्रभावी आहे, असे विधान आढळते. शंभरपट मात्रेचा उल्लेख मात्र कोठे तरी प्रयोगविधीत दडलेला असतो. अशा टक्केवारीला काहीही अर्थ नाही.

याखेरीज आगराची जाडी, त्यावर पसरलेल्या जीवाणूंची दाटी, उबवणीपूर्वी तबकडी किती वेळ ठेवली, या सर्वांचा व्यासावर परिणाम होतो. बाउअर, कर्बी, शेरिस व टर्क यांनी १९६६ साली ही पद्धती प्रमाणित केली, ती याच कारणाने. आज प्रचलित असलेल्या नियमांनुसार म्यूलर-हिंटन आगराची जाडी ४ मि.मी., पी-एच ७.२ ते ७.४, निलंबनाचा गढूळपणा मॅकफार्लंडच्या ०.५ या प्रमाणाइतका, म्हणजे मिलिलिटरात सुमारे १.५ × १०^८ जीवाणू, आणि उबवणी सुमारे ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास अशी असते. तरीही व्यासावरून जीवाणू औषधास वश आहे की नाही, हे जे ठरविले जाते, ते त्या त्या औषधासाठी व्यास व रोधक संहती यांचा संबंध आधी शेकडो वाणांवर तपासून ठेवलेला असतो म्हणून. नव्या संयुगासाठी असा संबंध कोणीच तपासलेला नसतो. तेव्हा त्याच्या वर्तुळातून ‘काही तरी अवरोधन आहे’ एवढेच कळते. एवढे कळणेही पहिल्या निवडीस उपयोगी आहे. त्याहून अधिक भार त्या वर्तुळावर टाकू नये.

किमान रोधक संहती

संयुगांची परस्परांशी तुलना करावयाची असेल, तर विरलन-पद्धतीचा अवलंब करावयास हवा. द्रव माध्यमात संयुगाची संहती प्रत्येक नळीत किंवा खाचेत निम्मी करीत नेतात. उदाहरणार्थ १२८, ६४, ३२, १६ मायक्रोग्रॅम याप्रमाणे. प्रत्येक खाचेत मिलिलिटरात सुमारे ५ × १०^५ जीवाणू पडतील अशा बेताने पेरणी करतात. उबवणीनंतर ज्या सर्वांत कमी संहतीत दृश्य वाढ होत नाही, तिला किमान रोधक संहती म्हणतात. येथे विसरणाचा प्रश्न उरत नाही व आकड्याला खरे परिमाण लाभते.

तथापि हा आकडाही वाचावयास शिकले पाहिजे. विरलन दुपटीचे असल्यामुळे एका पायरीचा फरक प्रयोगाच्या सहज चुकीत मोडतो. एका संयुगाची संहती ३२ व दुसऱ्याची ६४ आली, तर पहिले दुप्पट प्रभावी आहे व त्याचे कारण त्यातील क्लोरीन-अणू होय, असा रचना-क्रियासंबंध प्रस्थापित करणे धाडसाचे आहे. निदान तीन स्वतंत्र वेळा प्रयोग करून दोन किंवा अधिक पायऱ्यांचा फरक टिकला, तरच त्यावर विचार करावा. शिवाय रचनांची तुलना करताना वजनी संहतीऐवजी मोलीय संहती वापरणे युक्त होय. सारख्याच वजनात जड रेणूंची संख्या हलक्या रेणूंहून कमी असते, ही गोष्ट रसायनज्ञास सांगावयास नको. परंतु कोष्टकात ती विसरली जाते.

किती संहतीपर्यंतचा प्रभाव उल्लेखनीय मानावा, हाही प्रश्न आहे. मिलिलिटरात १,००० मायक्रोग्रॅम या संहतीत एखाद्या संयुगाने वाढ थांबविली, तर त्याला क्रियाशील म्हणावे काय? अम्लधर्मी खाद्यपदार्थ टिकविण्यासाठी बेंझॉइक अम्लाची लवणे सुमारे ०.१ टक्का प्रमाणात घालतात. म्हणजे जवळजवळ हीच संहती. तुलनेसाठी पाहावे तर जेंटामायसिनाची एशेरिकिया कोलाय एटीसीसी २५९२२ या वाणाविरुद्ध स्वीकृत मर्यादा ०.२५ ते १ मायक्रोग्रॅम आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात २०१५ साली जगभरच्या रसायनज्ञांची संयुगे विनामूल्य तपासण्याचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात पहिली चाळणी ३२ मायक्रोग्रॅमची ठेवण्यात आली. आपणही आरंभीच अशी एक मर्यादा ठरवून घेतली, तर पुष्कळसा व्यर्थ उत्साह टळेल.

प्रभाव कोणाचा?

खाचेत वाढ झाली नाही, एवढ्यावरून ती आपल्या संयुगाने थांबविली असे सिद्ध होत नाही. त्या खाचेत संयुगाबरोबर इतर द्रव्येही असतात. त्यांत पहिला विद्रावक. डायमेथिल सल्फॉक्साइड हा बहुतेक संयुगांचा विद्रावक असतो व त्याचे अखेरचे प्रमाण शेकडा १ च्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. केवळ विद्रावक त्याच प्रमाणात घातलेली खाच प्रत्येक प्रयोगात असलीच पाहिजे. विद्रावकाकडे दुर्लक्ष करण्याचा परिणाम किती दारुण होऊ शकतो, हे १९३७ साली अमेरिकेत दिसून आले. सल्फानिलामाइडाचे एक पातळ औषध डायएथिलीन ग्लायकॉलात विरघळवून विक्रीस आले व शंभरांहून अधिक माणसे त्या विद्रावकाच्या विषाने दगावली. औषध निर्दोष होते. त्याच्या सोबत्याची परीक्षा कोणी केली नव्हती. पुढील वर्षी तेथे औषधांविषयीचा नवा कायदा झाला.

दुसरा प्रश्न संयुगाच्या स्थैर्याचा. आपल्या विभागांतून शिफ-क्षारक मोठ्या संख्येने तयार केले जातात. त्यांपैकी अनेकांचे पाण्यात जलविच्छेदन होऊन मूळ आल्डिहाइड व ॲमाइन पुन्हा सुटे होतात. सॅलिसिलाल्डिहाइडास स्वतःचाच जंतुरोधक गुण आहे. अशा वेळी अठरा तासांच्या उबवणीनंतर जे दिसते, ते शिफ-क्षारकाचे कार्य की त्याच्या तुकड्यांचे? हे ठरविण्याचा मार्ग साधा आहे. ज्या द्रव्यांपासून संयुग तयार केले, तीही त्याच कोष्टकात तपासावी. धातूंच्या जटिल संयुगांबाबतही तोच न्याय लागू आहे. तांब्याच्या जटिल संयुगाशेजारी तांब्याचे साधे लवण व मोकळा संलग्नी यांचे आकडे नसतील, तर निष्कर्ष अपुरा राहतो. प्रॉन्टोसिलाचे रहस्य अशाच विचाराने उलगडले होते.

तिसरा प्रश्न दृष्टिभ्रमाचा. संयुग माध्यमात अवक्षेपित झाले तर खाच गढूळ दिसते व वाढ झाली असा भास होतो. संयुग गडद रंगाचे असेल तर खरी वाढ दिसत नाही. जीवाणूविरहित खाचेत तेच संयुग घालून तुलना करावी, अथवा रेझाझुरिनासारखा दर्शक वापरावा. अर्थात संयुग स्वतःच दर्शकाचा रंग बदलीत नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

जीवाणूंची निवड

परीक्षेसाठी कोणते जीवाणू घ्यावेत, यावरही उत्तर अवलंबून असते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा ग्राम-रंजक धरून ठेवणारा, तर एशेरिकिया कोलाय व स्यूडोमोनास एरुजिनोझा हे तो सोडून देणारे. या दुसऱ्या वर्गाच्या पेशीभोवती एक अधिक बाह्य पटल असते व आत शिरलेले द्रव्य बाहेर फेकणारी प्रथिनेही असतात. म्हणून पुष्कळशी संयुगे पहिल्या वर्गावर चालतात व दुसऱ्यावर हतबल ठरतात. केवळ स्टॅफिलोकॉकसवरील यशावरून ‘व्यापक प्रभावाचे’ हे विशेषण वापरणे योग्य नव्हे. वाण ओळखीचा व नोंदलेला असावा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह व चंडीगढ येथील सूक्ष्मजीव-संग्रह यांतून असे वाण मिळतात. ‘रुग्णालयातून मिळालेला जंतू’ एवढ्या वर्णनावरून अन्य कोणास तो प्रयोग पुन्हा करता येत नाही.

उलट, निवडलेल्या चार जीवाणूंवर काही झाले नाही, म्हणून संयुग निरुपयोगी ठरत नाही. आयसोनायाझिड हे संयुग मायर व माली यांनी १९१२ साली प्राग येथे तयार केले होते. क्षयाच्या जंतूंवरील त्याचा विलक्षण प्रभाव १९५२ साली उघडकीस आला. स्टॅफिलोकॉकस किंवा एशेरिकिया यांच्यावर ते काहीच करीत नाही. आपल्या नेहमीच्या कोष्टकात त्याच्यापुढे सर्वत्र शून्ये पडली असती. पायराझिनामाइडाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ते क्षयाच्या जंतूंवरही उदासीन माध्यमात निष्प्रभ दिसते. माध्यम अम्लधर्मी केले म्हणजेच त्याचा गुण प्रकट होतो. ही दोन्ही द्रव्ये आज क्षयाच्या प्रथमोपचारातील प्रमुख औषधांत गणली जातात.

कवकांची परीक्षा

कवके, म्हणजे बुरश्या व यीस्ट, यांची परीक्षा जीवाणूंच्या परीक्षेचे परिशिष्ट समजली जाते. ती तशी नव्हे. कवकाची पेशी जीवाणूच्या पेशीपेक्षा आपल्या पेशीच्या अधिक जवळची आहे. तिला केंद्रक आहे व तिची बरीचशी यंत्रणा आपल्यासारखीच आहे. तिला मारणारे द्रव्य आपल्यालाही अपायकारक ठरण्याचा संभव म्हणूनच अधिक. तिच्या पटलातील एर्गोस्टेरॉल व भित्तीतील ग्लुकन यांसारख्या मोजक्या ठिकाणीच भेद सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मनुष्यास बाधक कवकांची पहिली अग्रक्रमसूची प्रसिद्ध केली व तिच्या सर्वांत निकडीच्या गटात क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कॅन्डिडा ऑरिस, ॲस्परजिलस फ्युमिगाटस व कॅन्डिडा अल्बिकन्स यांना स्थान दिले. औषधांचे वर्ग मोजके असल्यामुळे या क्षेत्रात नव्या संयुगांची निकड आहे.

कवकांचे माध्यम, पेरणी व वाचन ही सर्वच निराळी असतात. यीस्टसाठी आरपीएमआय १६४० हे घटक ज्ञात असलेले माध्यम पी-एच ७.० ला स्थिर करून वापरतात. अमेरिकेतील प्रमाणित पद्धतीत मिलिलिटरात केवळ ५०० ते २,५०० पेशी पेरतात. कॅन्डिडाचे वाचन २४ तासांनी होते. तंतुमय बुरश्यांना अधिक काळ लागतो व त्यांचे बीजाणू मोजून पेरावे लागतात. ॲम्फोटेरिसिन बी याचे वाचन करताना वाढ संपूर्ण थांबलेली खाच पाहतात. ॲझोल वर्गात मात्र वाढ पुष्कळदा एकदम थांबत नाही, मंद होत जाते. म्हणून नियंत्रक खाचेच्या मानाने ५० टक्के घट ही सीमा धरतात. हा नियम न सांगता दिलेली किमान रोधक संहती अर्धवट होय.

तुलनेसाठी घेतलेले औषधही उचित असावे. फ्लुकोनाझोल हे ॲस्परजिलसवर मुळातच निष्प्रभ आहे. ॲस्परजिलस नायजरवरील परीक्षेत त्यालाच प्रमाण मानून आपले संयुग त्याहून सरस आहे असे लिहिणे, म्हणजे पांगळ्याला शर्यतीत हरविल्याचा अभिमान बाळगणे होय.

याच फ्लुकोनाझोलाच्या शोधात प्रॉन्टोसिलाच्या प्रसंगाची जणू पुनरावृत्ती झाली. इंग्लंडमध्ये सँडविच येथील फायझरच्या प्रयोगशाळेत केनेथ रिचर्डसन व त्यांचे सहकारी ॲझोल वर्गाचा अभ्यास करीत होते. रूढ माध्यमांवर या संयुगाचा कॅन्डिडावरील प्रभाव सामान्य दिसे. पण बाधित प्राण्यांत ते कीटोकोनाझोलाहून सरस ठरले. ते पाण्यात विरघळते, रक्तातील प्रथिनांशी अल्प प्रमाणातच बद्ध होते आणि शरीरात दीर्घकाळ टिकते; तबकडीवर यांपैकी काहीच दिसत नाही. प्राण्यांवरील परीक्षेला या संशोधकांनी आरंभापासून महत्त्व दिले होते, म्हणून हे संयुग त्यांच्या हातून निसटले नाही. त्यासंबंधीची निवेदने १९८५ च्या सुमारास प्रसिद्ध झाली व १९९० साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

निकाल कसा लिहावा

अवरोधन सिद्ध झाल्यावर पुढील पायऱ्या आहेत. संयुग जीवाणूंना मारते की केवळ थोपविते, हे पाहण्यासाठी स्वच्छ राहिलेल्या खाचांतील द्रव औषधविरहित आगरावर पसरून जिवंत पेशी मोजतात. मूळ संख्येच्या ९९.९ टक्के पेशी मारणारी किमान संहती ती किमान मारक संहती. त्याचबरोबर सस्तन प्राण्यांच्या पेशींवर व तांबड्या रक्तपेशींवर संयुगाचा परिणाम पाहावा. पेशींना अपाय करणारी संहती व जीवाणू रोधणारी संहती यांत पुरेसे अंतर नसेल, तर हाती आलेले द्रव्य चतुर्थक लवणांच्या पंक्तीत बसावयाचे, प्रॉन्टोसिलाच्या नव्हे. एवढ्या परीक्षा प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. परंतु जेवढी परीक्षा केली तेवढीच नीट लिहिणे सर्वांच्या आवाक्यातील आहे.

तेव्हा कोष्टकाखाली पुढील गोष्टी नोंदल्याच पाहिजेत : वाणाचा संग्रह-क्रमांक, माध्यम व त्याचा पी-एच, पेरणीची संख्या, उबवणीचे तापमान व काळ, विद्रावक व त्याचे प्रमाण, संयुगाची शुद्धता व माध्यमातील विद्राव्यता, प्रयोग किती वेळा केला, आणि तुलनेच्या औषधाचा आकडा स्वीकृत मर्यादेत आला की नाही. हा शेवटचा आकडा मर्यादेबाहेर गेला असेल, तर त्या दिवसाचे सर्व कोष्टक बाजूला ठेवावे, मग त्यात आपल्या संयुगाचा निकाल कितीही मोहक असो.

आणि ज्या संयुगांनी काहीच केले नाही, त्यांच्यापुढे ‘निष्क्रिय’ हा शब्द लिहू नये. ‘अमुक माध्यमात, अमुक वाणावर, १२८ मायक्रोग्रॅमपर्यंत अवरोधन आढळले नाही’ असे लिहावे. पहिल्या शब्दाने त्या संयुगाची वाट बंद होते. दुसऱ्या वाक्याने पुढच्या अभ्यासकास कळते की, कोणती वाट चालून झाली आहे व कोणती अद्याप चालावयाची आहे. गेल्मो यांचे सल्फानिलामाइड सत्तावीस वर्षे व मायर-माली यांचे आयसोनायाझिड चाळीस वर्षे योग्य प्रश्नाची वाट पाहत पडून होते. आपल्या विभागाच्या कपाटांतील कुप्यांत असे काही आहे की नाही, हे आज कोणास सांगता येणार नाही. पण तो प्रश्न पुढे कोणी विचारील तेव्हा त्याच्या हाती विश्वासार्ह नोंद पडावी, एवढी व्यवस्था आपण आजच करू शकतो.